प्रतापनगर: बडोद्याचं दुसरं स्टेशन तिथेच का आहे?

आषाढ जवळ आला की आमच्या घरचा फोन वाजू लागतो. आषाढ शुद्ध प्रतिपदेला टेंबे स्वामींची पुण्यतिथी असते, १९१४ साली त्यांनी गरुडेश्वरला नर्मदेच्या काठी देह ठेवला, आणि कोल्हापूर-सांगलीकडची आमची निम्मी नातेमंडळी दत्तभक्त आहेत. प्रश्न दरवर्षी तोच असतो. मावशी विचारते, "अरे, बडोद्याला उतरलं की गरुडेश्वरला जायला एकतानगरची गाडी कितव्या प्लॅटफॉर्मवर लागते?" मग मी सांगतो की मावशी, लांबून येणाऱ्या काही गाड्या मोठ्या स्टेशनातून थेट तिकडे जातात, पण साधी, रोजची मेमू, म्हणजे विजेवरची पॅसेंजर, पकडायची असेल तर रिक्षा करून प्रतापनगरला जावं लागेल. ते वेगळं स्टेशन आहे. पलीकडे थोडी शांतता पसरते आणि पुढचा प्रश्न येतो, "एका गावाला दोन स्टेशनं कशाला?"

प्रश्न अगदी रास्त आहे. फोनवर सांगून पुरत नाही, म्हणून सगळं सविस्तर इथे लिहितो.

बडोद्याचं मोठं स्टेशन सयाजीगंजात, गावाच्या पश्चिमेला आहे. मुंबईहून अहमदाबादकडे जाणारी बी. बी. अँड सी. आय. (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया) कंपनीची लाइन १८६१ साली बडोद्याला पोचली तेव्हापासूनचं. ही इंग्रजांच्या कंपनीची लाइन. तिला सुरत, भडोच, बडोदा, अहमदाबाद ही मोठी गावं एका ओळीत हवी होती, म्हणून ती गावाच्या कडेने सरळ उत्तरेला निघून गेली. प्रतापनगर जुन्या तटबंदीच्या आग्नेयेला आहे. मांडवीतल्या किंवा दांडिया बाजारातल्या माणसाला विचारलं तर दोन्ही स्टेशनं रिक्षाच्याच अंतरावर, फक्त उलट्या दिशांना. हे दुसरं स्टेशन इंग्रज कंपनीने बांधलेलं नाही. ते गायकवाडांच्या रेल्वेचं आहे, आणि त्या रेल्वेची सुरुवात बडोद्यात झालीच नाही. ती झाली डभोईला.

१८६२ मध्ये खंडेराव महाराजांनी डभोई ते मियागाम अशी सुमारे ३२ किलोमीटरची लाइन टाकली. हिंदुस्थानातल्या एखाद्या संस्थानाने स्वतःच्या मालकीची रेल्वे बांधण्याची ही पहिली वेळ, आणि देशातली ही पहिली नॅरोगेजही. डभोईच का, हे नकाशा पाहिला की कळतं. डभोई बडोद्याच्या आग्नेयेला, आजूबाजूला कपाशीची काळी जमीन. मियागाम बडोद्याच्या दक्षिणेला, मुंबईच्या लाइनवर. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं, तिथला कापूस विलायतेत पोचेना, आणि आपल्याकडच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला. डभोईच्या गाठी पावसाआधी मियागामला पोचल्या की पुढे मुंबईचं बंदर मोकळं. प्रवाशांचा विचार नंतर आला.

या लाइनीवर पहिल्यांदा गाड्या ओढल्या त्या बैलांनी.

हे ऐकून लोकांना गंमत वाटते, पण त्यात साधा आणि पक्का हिशेब होता. कच्च्या रस्त्यावर चाक रुततं, प्रत्येक दगडावर चढतं आणि उतरतं. रुळावर लोखंडी चाक लोखंडावरच फिरतं, ना रुततं ना अडतं. म्हणून तीच बैलजोडी रस्त्यावरच्या गाडीपेक्षा कितीतरी पट जास्त माल रुळावर ओढू शकते. रेल्वेची खरी करामत आधी रुळात आहे, इंजिन त्यानंतर. खंडेरावांच्या माणसांनी रूळ आधी घातले, इंजिनाची वाट पाहिली नाही.

पुढच्याच वर्षी, १८६३ मध्ये, ग्लासगोच्या नीलसन कंपनीचं वाफेचं इंजिन आणलं गेलं. पण घातलेले रूळ यार्डाला १३ पौंड वजनाचे, म्हणजे मीटरला जेमतेम साडेसहा किलो. आज मुख्य मार्गांवर मीटरला ६० किलोचे रूळ असतात, यावरून अंदाज यावा. इंजिनाचं सगळं वजन त्याच्या थोड्याशा आसांवर, म्हणजे चाकं जोडणाऱ्या दांड्यांवर, पडतं, आणि प्रत्येक आसाचा भार त्या क्षणी चाकाखालच्या रुळाला एकट्याने पेलावा लागतो. बैलाच्या चालीने जाणाऱ्या हलक्या डब्यांना ते रूळ पुरेसे होते, इंजिनाला नव्हते. १८७३ मध्ये जड रूळ घालून लाइन नव्याने उघडली, आणि वाफेची इंजिनं नियमाने धावायला १८८० उजाडलं. आपण आज 'रुळांची क्षमता वाढवली' असं बातमीत वाचतो तेव्हा मागे नेमका हाच प्रश्न असतो: एका आसाखाली रूळ किती भार सोसेल?

आता गेजबद्दल. गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर, बाकी काही नाही. मुंबई–अहमदाबाद लाइन ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट. गायकवाडांची डभोई लाइन ७६२ मिलिमीटर, अडीच फूट. महाराष्ट्रातल्या वाचकांना जवळचं उदाहरण द्यायचं तर बार्शी लाइट आणि विदर्भातली शकुंतला याच मापाच्या. माथेरानची गाडी त्याहून अरुंद, दोन फुटांची. अरुंद लाइन स्वस्त पडते, कारण भराव कमी लागतो, पूल लहान चालतात, वळणं अधिक आवळून घेता येतात, आणि शेताच्या बांधाबांधाने जाता येतं. संस्थानाच्या तिजोरीतून पैसे घालायचे आणि गावोगावचा माल गोळा करायचा तर हेच माप शहाणपणाचं होतं.

त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. अडीच फुटी डबा साडेपाच फुटी रुळावर चढू शकत नाही. मग जिथे दोन्ही लाइनी भेटतात तिथे गाठ अन् गाठ, पोतं अन् पोतं हमालांनी एका डब्यातून काढून दुसऱ्यात टाकायचं. वेळ जातो, मजुरी जाते, माल फाटतो, भिजतो. मियागामला हेच, पुढे मुंबईच्या लाइनवरच्या विश्वामित्री स्टेशनाला हेच. जोवर पर्याय बैलगाडीचा होता तोवर हे परवडत होतं. दारात ट्रक येऊन थेट मुंबईला जाऊ लागला तेव्हा नॅरोगेजचं गणित विस्कटलं. गाड्या हळू होत्या हे कारण सगळे सांगतात, पण माझ्या मते मालाचं हे उतरवणं-चढवणं जास्त घातक ठरलं.

डभोईकडून बडोद्याकडे लाइन यायला १८७९ ते १८८१ हा काळ लागला. आधी डभोई–चांदोद, मग डभोई–गोयागेट, आणि गोयागेटहून विश्वामित्रीपर्यंतचा जोड. गोयागेट हेच आजच्या प्रतापनगर भागाचं रेल्वेतलं जुनं नाव. सयाजीराव महाराजांना राज्याचे पूर्ण अधिकार डिसेंबर १८८१ मध्ये मिळाले. म्हणजे हे सगळं त्यांच्या अल्पवयात, दिवाण सर टी. माधवराव कारभार पाहत होते तेव्हा झालं. माधवराव तंजावरचे मराठी. बडोद्याच्या मराठी माणसाला हे नाव रस्त्यांमुळे आणि शाळेतल्या धड्यांमुळे माहीत असतं, पण प्रतापनगरच्या रुळांशी ते जोडलेलं आहे हे क्वचित कोणी सांगतं.

तर एका गावाला दोन स्टेशनं का, याचं उत्तर इथे सापडतं. लाइन आग्नेयेकडून आली, म्हणून स्टेशन आग्नेयेला. गेज वेगळं, म्हणून मोठ्या स्टेशनाच्या यार्डात शिरण्यात अर्थ नव्हता. विश्वामित्रीला शेजारी टेकून माल उतरवला की पुरे. मालक वेगळा, म्हणून डबे-इंजिनांची दुरुस्तीही स्वतःच्या जागेत. गोयागेटचा रेल्वे कारखाना १९१९ मध्ये सुरू झालेल्या कामातून उभा राहिला. १९२१ पासून संस्थानाने आपल्या लाइनींचा कारभारही बी. बी. अँड सी. आय.कडून स्वतःकडे घेतला. १९४९ मध्ये बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, त्याबरोबर रेल्वेही गेली, आणि नोव्हेंबर १९५१ मध्ये पश्चिम रेल्वे जन्माला आली. मालक एक झाला. गेज मात्र पुढची कित्येक दशकं दोनच राहिली, आणि म्हणून स्टेशनंही दोनच राहिली.

जाता जाता सांगतो: पश्चिम रेल्वेच्या वडोदरा मंडळाचं कार्यालय मोठ्या स्टेशनाजवळ नसून प्रतापनगरलाच आहे. जवळच लालबागेचा प्रताप विलास राजवाडा. १९५२ मध्ये रेल्वेचं स्टाफ कॉलेज तिथे आलं आणि देशभरचे रेल्वे अधिकारी तिथे शिकून गेले. आता त्याच आवारात गतिशक्ती विश्वविद्यालय आहे. गायकवाडांच्या छोट्या लाइनीची जुनी यंत्रसामग्री पाहायची तर प्रतापनगरचं रेल्वे हेरिटेज पार्क आहे. मुलांना घेऊन जा. अडीच फूट म्हणजे किती, हे चित्रात समजत नाही. त्या इंजिनाच्या शेजारी उभं राहिलं की लगेच समजतं.

एकविसाव्या शतकात इथलं नॅरोगेज उखडून ब्रॉडगेज आलं. डभोईमार्गे छोटा उदेपूरची लाइन आधी बदलली, आणि २०१९ मध्ये तिच्यावरून मध्य प्रदेशातल्या अलिराजपूरला पहिली गाडी पोचली. १७ जानेवारी २०२१ ला डभोई–चांदोद बदललेली लाइन, चांदोदपासून केवडियापर्यंतची नवी लाइन आणि प्रतापनगरपासून पुढचं विद्युतीकरण यांचं एकत्र उद्घाटन झालं. केवडियाचं नाव आता एकतानगर. सरदारांच्या पुतळ्यासाठी ती लाइन झाली, हे खरं. पण आमच्याकडच्या घरांना त्या लाइनीवरची दोन नावं त्याआधीपासून ठाऊक होती. एक चांदोद, जिथे नर्मदेच्या संगमावर बडोद्याची मराठी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या श्राद्धकर्मासाठी जात आली. दुसरं गरुडेश्वर, जे एकतानगरहून रस्त्याने जवळ आहे.

आता या लाइनीवर धावणाऱ्या मेमूविषयी, कारण 'मेमू म्हणजे साधी पॅसेंजर' असं सगळे म्हणतात आणि ते अर्धंच बरोबर आहे.

नेहमीच्या गाडीत एक इंजिन पुढे असतं आणि ते मागचे सगळे डबे ओढतं. शेवटच्या स्टेशनावर ते सोडवायचं, बाजूच्या रुळाने फिरवून मागच्या टोकाला आणायचं, जोडायचं, ब्रेक तपासायचे. यात वेळ जातो आणि एक मोकळा रूळ अडकतो. मेमूत वेगळं इंजिनच नाही. काही डब्यांच्या खाली मोटरी असतात, छतावरचा पँटोग्राफ वरच्या तारेतून २५,००० व्होल्टची वीज घेतो, आणि चालकाची केबिन दोन्ही टोकांना असते. एकतानगरला पोचल्यावर चालक उतरून चालत दुसऱ्या टोकाला जातो, आणि तीच गाडी उलटी निघते.

दुसरा फायदा सुटतानाचा. ओढणारी चाकं गाडीभर पसरलेली असल्यामुळे मेमू थांबल्यावर पटकन वेग घेते. दर चार-सहा किलोमीटरला थांबणाऱ्या गाडीला सर्वोच्च वेगापेक्षा हे जास्त उपयोगाचं, कारण तिचा बराचसा वेळ थांबण्यात आणि सुटण्यातच जातो.

मग ती कधी कधी एखाद्या आडगावच्या स्टेशनात उगाच का उभी राहते? उगाच राहत नाही. इथली लाइन एकेरी आहे, जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाड्यांना एकच रूळजोडी. सुरक्षेसाठी लाइनीचे तुकडे पाडलेले असतात, आणि एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी सोडतात. समोरून गाडी येत असेल तर दोघींपैकी एकीला अशा स्टेशनात थांबावं लागतं जिथे बाजूला दुसरा रूळ आहे. याला क्रॉसिंग म्हणतात. समोरची गाडी वीस मिनिटं उशिरा असेल तर तिचा उशीर आपल्या गाडीलाही चिकटतो. म्हणून एकेरी लाइनीवर दिवसाच्या पहिल्या गाड्या वेळेवर असतात आणि दुपारनंतर वेळापत्रक सैल पडत जातं. जोडून दुसरी गाडी किंवा बस पकडायची असेल तर सकाळची मेमू घ्या, हा माझा सल्ला.

आता स्टेशनातल्या सोयींकडे. कुठे सरकता जिना आहे, कुठे साधा पूलही नाही. कुठे छप्पर प्लॅटफॉर्मभर, कुठे दोन बाकांपुरतं. हे कोण ठरवतं? बऱ्याच अंशी एक वही ठरवते. रेल्वेने २०१७ मध्ये सगळ्या स्टेशनांची नवी वर्गवारी केली. तीन गट: बिगर-उपनगरी, उपनगरी आणि हॉल्ट. पहिल्या गटात सहा पायऱ्या, बाकीच्या दोहोंत तीन-तीन. पायरी ठरते वर्षाची तिकिटांची कमाई आणि तिथून निघणारे प्रवासी यांवर. बिगर-उपनगरी गटात सर्वांत वरच्या पायरीला वर्षाला ५०० कोटी रुपयांहून जास्त कमाई किंवा २ कोटींहून जास्त प्रवासी लागतात. सर्वांत खालच्या पायरीवर १ कोटी रुपये आणि १० लाख प्रवाशांपर्यंतची स्टेशनं.

प्रत्येक पायरीला किमान आवश्यक सोयींची यादी जोडलेली असते, त्यावर शिफारस केलेल्या सोयी, आणि त्याही वर इष्ट सोयी. पिण्याचं पाणी, बसायची जागा, दिवे, स्वच्छतागृह, वेळापत्रकाचा फलक यांसारख्या गोष्टी खालच्या पायरीलाही मिळायलाच हव्यात. लहान स्टेशनांवर तर सावली देणारी झाडंही छपराच्या जोडीने मोजली जातात. मला ही तरतूद फार आवडते. ज्याने ती लिहिली त्याने गुजरातच्या मे महिन्यात कडुनिंबाखाली गाडीची वाट पाहिली असणार.

यात एक शब्द फसवा आहे: 'उपनगरी'. आपण ज्याला रोजच्या येण्याजाण्याचं स्टेशन म्हणतो ते रेल्वेच्या भाषेत उपनगरी असतंच असं नाही. तो गट मुंबई, कोलकाता, चेन्नई यांसारख्या लोकल सेवांसाठी आहे, त्यांचं भाडं वेगळं, हिशेब वेगळा. डभोईहून रोज कामाला बडोद्यात येणारा माणूस सवयीने डोंबिवलीच्या माणसासारखाच आहे, सकाळी तीच धावपळ आणि संध्याकाळी तोच थकवा. तरी वहीत तो बिगर-उपनगरी प्रवासी ठरतो. मला हे खटकतं. मध्यम शहरांच्या भोवती रोज येणारी-जाणारी माणसं आता इतकी झाली आहेत की त्यांच्यासाठी स्वतंत्र रकाना हवा, कारण रोजच्या प्रवाशाला प्रतीक्षालयातल्या सोफ्यापेक्षा पुरेशी छपरं, पाणी आणि वेळेवरची गाडी जास्त लागते.

आणि मोजणी तिकिटावरून होते, हे ध्यानात ठेवा. तिकीट ज्या स्टेशनापासूनचं, त्या स्टेशनाच्या खात्यात प्रवासी जमा होतो. प्रतापनगरहून बसणार असाल तर तिकीट प्रतापनगरपासूनचंच काढा. मोबाइलवरच्या ॲपमध्ये नाव निवडताना जपून, कारण उदयपूरला राणा प्रतापनगर नावाचं दुसरं स्टेशन आहे. आपल्याचा संकेत पीआरटीएन. मोठ्या स्टेशनाचा संकेत आजही बीआरसी आहे, म्हणजे पाटीवर वडोदरा आलं तरी रेल्वेच्या कागदात 'बरोडा' टिकून आहे.

साध्या तिकिटाचा एक नियम अनेकांना ठाऊक नसतो. २०० किलोमीटरच्या आतल्या प्रवासाला तिकीट काढल्यापासून तीन तासांत, किंवा त्या दिशेची पहिली गाडी सुटेपर्यंत, यांतलं जे उशिराचं त्या वेळेपर्यंत प्रवास सुरू करावा लागतो. सकाळी तिकीट काढून संध्याकाळी निघता येत नाही. रोज जाणाऱ्यांसाठी महिन्याचा पास १५० किलोमीटरपर्यंत मिळतो, त्यामुळे डभोई, चांदोद, एकतानगर सगळं त्यात बसतं.

आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी एक शेवटची गोष्ट, प्लॅटफॉर्मच्या उंचीची. रुळाच्या पातळीपासून उंच प्लॅटफॉर्म ७६० ते ८४० मिलिमीटर असतो, मधला ४५५, आणि काही लहान थांब्यांवर तो जमिनीलगत असतो. डब्याच्या आतली फरशी मात्र सुमारे १२०० मिलिमीटरवर. म्हणजे उंच प्लॅटफॉर्मवरूनही सव्वा फुटाच्या आसपास चढ उरतोच, आणि जमिनीलगतच्या थांब्यावर तो जवळजवळ चार फुटांचा होतो. प्लॅटफॉर्म सरळ फरशीइतका उंच करत नाहीत, कारण त्याच रुळावरून मालगाड्या आणि खाली पायऱ्या असलेले वेगवेगळे डबे जातात, त्यांना घासणार नाही इतकी मोकळी जागा ठेवावी लागते. मुंबईत लोकलच्या प्लॅटफॉर्मची उंची ९०० मिलिमीटरच्या वर नेता आली, ती तिथे ठरावीक बनावटीच्याच गाड्या थांबतात म्हणून.

मावशीचे गुडघे दुखतात. म्हणून तिला मी सांगून ठेवलं आहे: आधी दांड्याला दोन्ही हात, मग बरा पाय वर, आणि पिशवी माझ्याकडे. सकाळच्या मेमूने जाऊ. मी प्रतापनगरच्या तिकीट खिडकीपाशी उभा असेन.